भरदुपारची गस्त

आमच्या कॉलनीत चोर दुपारी येतो. रात्री येऊन त्याला काही उपयोग नाही, कारण रात्री आमच्याकडे माणसं असतात.

जरा नीट सांगतो. शिरूर गाव संपून रांजणगावची बाजू सुरू होते तिथे आमची बेचाळीस घरांची कॉलनी आहे. सकाळी सव्वासहाला पहिल्या शिफ्टची बस येते. आठला जनरलची बस येऊन उरलेल्यांना नेते. मग शाळेच्या व्हॅन, मग टू-व्हीलरवाले. अकरा वाजता कॉलनीत उरतात ते माझ्यासारखे रिटायर झालेले, नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या आणि नाइट शिफ्ट करून आलेले काही जण. हे शेवटचे झोपलेले असतात आणि घर उचलून नेलं तरी त्यांना जाग येत नाही.

श्रावणात सतरा नंबरचं कुलूप तुटलं. गौरींच्या आदल्या आठवड्यात एकतीस नंबरचं. सतरामधून चांदीची समई आणि मिक्सर गेला. एकतीसमधून एक गंठण गेलं आणि फ्रिजमधली वाटीभर बासुंदी गेली. चोरानं ती वाटी धुऊन ओट्यावर पालथी घातली होती. गंठणाचं दुःख एकतीस नंबरपुरतंच राहिलं, पण वाटीनं कॉलनीतल्या समस्त बायका पेटल्या.

"म्हंजी किती निवांत व्हता बघा मुडदा!" शेवंताबाई म्हणाल्या. "वाटी धुतोय! आमच्या घरातला एक बाप्या धूत न्हाई."

शेवंताबाई आमच्या समोर राहतात. मूळच्या न्हावऱ्याच्या. जन्मभर फुलांच्या शेतीत राबल्या, सत्तरीत मुलानं इथे आणून ठेवलं. पहाटे तीनला उठून झेंडू तोडायची सवय असलेल्या बाईला टाइलच्या घरात दिवसभर करायचं काय, हा प्रश्नच होता. चोरानं तो सोडवला.

रविवारी दत्तमंदिराच्या सभामंडपात मीटिंग झाली. कुणी म्हणालं कॅमेरे बसवू. त्यावर कुणी म्हणालं, मग पहिली चोरी कॅमेऱ्यांची होईल. कुणी सुचवलं, प्रत्येक दारावर 'कुत्र्यापासून सावध राहा' अशी पाटी लावू. पण कुत्रं नसताना पाटी लावणं ही फसवणूक आहे, असा मुद्दा निघाला. मग कुत्रं आणायचं ठरलं, आणि ते कोणत्या जातीचं आणायचं यावर चाळीस मिनिटं गेली. गोकुळआप्पा म्हणून आमच्यातले सगळ्यात वडीलधारे आहेत. त्यांनी आयुष्यभर कांद्याच्या वखारी राखल्या. ते म्हणाले, "पत्र्याच्या डब्यात खडं घालायचं आन् दोरीला बांधून दारावर सोडायचं. चोर आला की खडाखडा वाजतंय." कुणीतरी विचारलं, सून आली तरी वाजेल ना? आप्पा म्हणाले, "मग वाजू दे की. ती बी कवा येती ते कळंल."

शेवटी मी उभा राहिलो. मी बन्सी पऱ्हाड. बत्तीस वर्षं एसटीत काढली, त्यातली शेवटची चौदा स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून. लोक मला अजून कंट्रोलर म्हणतात. दिवाळीच्या गर्दीत एका माईकच्या जोरावर चार हजार माणसं रांगेत उभी करणारा माणूस मी. बेचाळीस घरं म्हणजे काय! मी म्हणालो, "आपणच गस्त घालू. दुपारची." टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणारे सोमवारी सव्वासहाच्या बसनं निघून गेले आणि माझ्या हाताखाली सात आज्या, गोकुळआप्पा आणि आमच्या सौभाग्यवती सिंधूबाई एवढं दल उरलं.

रीतसर करायचं म्हणून मी पोलिसांकडे गेलो. हवालदार चांगला माणूस होता. त्यानं सुरक्षा दलाचा फॉर्म दिला. त्यात छापलं होतं, 'गस्तीची वेळ : रात्री ___ ते पहाटे ___'.

"आमची दुपारची आहे," मी म्हणालो.

"फॉर्मात दुपार न्हाई, साहेब."

"पण चोर दुपारी येतो."

"येत आसंल. फॉर्म वरून आलाय."

मी 'रात्री' खोडून वर 'दुपारी' लिहिलं. खाडाखोड चालत नाही म्हणून त्यानं नवा फॉर्म दिला. अशा तीन फॉर्मांनंतर दोघांनी मिळून तोडगा काढला. 'रात्री ११ ते पहाटे ४' असं लिहायचं आणि आकडे तेवढे खरे धरायचे. त्यामुळे सरकारी कागदानुसार मी रात्रभर जागा असतो. प्रत्यक्षात साडेनऊलाच घोरायला लागतो, असं सिंधूचं म्हणणं आहे. ते मला मान्य नाही, पण तो वेगळा विषय झाला.

मग प्रत्येकाची चौकशी. हवालदारानं शेवंताबाईंना विचारलं, "आजी, आजपर्यंत कुठला गुन्हा?"

"एकदा जावंवर इळा फेकला व्हता," त्या म्हणाल्या.

हवालदारानं पेन खाली ठेवलं.

"लागला न्हाई," शेवंताबाईंनी त्याला धीर दिला.

ओळखीची खूण म्हणून दंडावर पट्ट्या हव्या होत्या. गणपती मंडळाच्या पिवळ्या पट्ट्या पडून होत्या, त्या घेतल्या. त्यांच्यावर 'विसर्जन समिती' असं छापलेलं होतं. चोराला काय, पट्टी दिसली म्हणजे झालं, असा मी विचार केला.

ड्युटीचा तक्ता मी स्वतः आखला. फेरी क्रमांक एक, दत्तमंदिर ते ट्रान्सफॉर्मर, व्हाया पाण्याची टाकी. सुटण्याची वेळ अकरा दहा, पोहोचण्याची अकरा पंचवीस. पहिल्याच दिवशी अकरा दहाला सुटलेली बायकांची फेरी पाऊण वाजता पोहोचली. प्रत्येक दाराशी थांबा घेतला होता, आणि नऊ नंबरमध्ये तर पाव्हण्या आल्या म्हणून पोहे खाल्ले होते. मी नाराजी व्यक्त केली. शेवंताबाई म्हणाल्या, "थांबल्याबिगर घरात काय चाललंय ते कसं कळायचं, कंट्रोलर?" एसटीत असतो तर मेमो दिला असता. गोकुळआप्पांचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांना गेटवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. माझी जागा सभामंडपात, माईकपाशी.

पहिल्या आठवड्यात आम्ही एक कुरिअरवाला, एक गॅसवाला आणि पंचवीस नंबरचा जावई एवढ्यांना थांबवलं. जावई रागावला, पण सासूबाई खूश झाल्या, कारण त्या निमित्तानं तो तासभर तरी टेकला. दुसऱ्या आठवड्यात बायकांना टाकीजवळ एक माणूस चेंबरमध्ये वाकून काहीतरी खुडबुड करताना दिसला. नाव विचारताच तो गडबडला. सात जणी 'विसर्जन समिती'च्या पट्ट्या लावून, हातात काठ्या घेऊन, खाली खड्ड्यात वाकलेल्या माणसाभोवती उभ्या राहिल्या तर तो गडबडणारच. त्यानं सायकल टाकली आणि पळाला. आम्ही मोठ्या अभिमानानं ग्रुपवर सायकलचा फोटो टाकला. तो पाण्याचा व्हॉल्व्ह सोडणारा माणूस होता. त्यानंतर दोन दिवस कॉलनीत पाणी आलं नाही. सायकल मी स्वतः त्याच्या घरी पोचवली, माफी मागितली, आणि पुढचे चार दिवस रस्त्यानं मान खाली घालून चाललो. चोरी मात्र एकही झाली नव्हती, हे कुणी लक्षात घेईना.

आता एक घरगुती गोष्ट सांगायला हवी. आमची एकुलती एक नीलम रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. पहिली शिफ्ट करते. तिच्या स्थळाचं त्याच सुमारास चाललं होतं. सिंधूचा मावसभाऊ बाळासो दौंडला असतो. त्यानं पाटसकडचं एक स्थळ सुचवलं होतं. शितोळे म्हणून घराणं, चार एकर ऊस, एकुलता मुलगा, कंपनीत पर्मनंट. फोटोंची देवाणघेवाण झाली होती. "त्यांच्याकडून बोलावणं येईल," बाळासो म्हणाला होता. बोलावण्याआधी मुलाकडचं कुणीतरी गुपचूप येऊन मुलीच्या घराची चौकशी करून जातं, ही आपल्याकडची पद्धत मला काय माहीत नव्हती? माझ्या बहिणीच्या वेळीही तशी चौकशी झाली होती. पण गस्तीच्या डोक्यात ते कुठून यायला!

गुरुवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी गेटवरून गोकुळआप्पांचा फोन आला. ते दबक्या आवाजात बोलत होते, म्हणजे फोन नसता तरी ऐकू आलं असतं.

"कंट्रोलर, एक जण आत शिरलाय. म्हातारा हाय. धोतार, टोपी, काखंत पिशवी. तुझ्या घराचं इचारत व्हता."

"माझ्या? काय विचारलं?"

"घर सोताचं का भाड्याचं. माणसं किती. पोरगी कवा येती कामावरून. दुपारचं घरी कोण आसतं. कुत्रं हाय का."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"समदं सांगितलं की."

"आप्पा!"

"आरं, दिवसभर कुणी बोलाय मिळत न्हाई बाबा. चांगला इचारपूस करत व्हता."

मी माईक हातात घेतला. चौदा वर्षांची सवय, तोंडातून आधी 'प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे' असंच गेलं. मग सावरून सांगितलं, "रहिवाशांनी लक्ष द्यावे. एक संशयित इसम, वय अंदाजे पासष्ट, धोतर, पांढरी टोपी, डाव्या काखेत पिशवी, कॉलनीत दाखल झालेला आहे. फेरी क्रमांक दोनने ताबडतोब पऱ्हाड यांच्या घराकडे प्रस्थान करावे."

फेरी क्रमांक दोन त्या वेळी आमच्याच गल्लीत मेथी निवडत बसली होती. तो इसम त्यांना आमच्या घराच्या मागच्या भिंतीपाशी सापडला. टाचा उंचावून आत बघत होता. लाउडस्पीकरवर आपलंच वर्णन ऐकून त्यानं टोपी काढून पिशवीत टाकली होती. शेवंताबाई त्याच्यासमोर काठी आडवी धरून उभ्या राहिल्या. "चला पाव्हणं," त्या म्हणाल्या, "देवळात चला." त्यानं सातही पट्ट्या वाचल्या आणि मुकाट्यानं चालू लागला.

सभामंडपात त्याला खुर्ची दिली. पाणी दिलं. चहाही टाकला, कारण आलेल्या माणसाला चहा न देता चौकशी करणं बायकांना पटेना. मी समोर बसलो. खरं सांगतो, माझी छाती फुगली होती. व्हॉल्व्हवाल्याच्या प्रकरणानंतर मला हे हवंच होतं. गेट सोडून आलेल्या गोकुळआप्पांनी तर पोलिसांच्या एकशेबारा नंबरला फोन करून टाकला.

"नाव?" मी विचारलं.

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. समोर मूर्ती होती. "दत्तू," तो म्हणाला.

"गाव?"

"हितंच... जवळ."

"इथे काय काम?"

"खोली बघतोय. भाड्यानं."

"कुणासाठी?"

"मलाच. कंपनीत लागलोय."

पासष्ट वर्षांचा माणूस धोतर नेसून कंपनीत लागला, हे ऐकून बायका हसल्या. मला हसू आलं नाही. मी पिशवी उघडायला सांगितली. त्यात सहा सीताफळं होती, चष्म्याचं घर होतं, टोपी होती आणि वहीचा घडी घातलेला कागद होता. मी तो मोठ्यानं वाचला.

"पऱ्हाड. घर स्वतःचं, आर.सी.सी. माणसं तीन. मुलगी सव्वासहाची बस, साडेतीनला घरी. बाई दुपारी गिरणीत जाते. कुत्रं नाही. मागं दार आहे, कडी ढिली."

कडी ढिली असल्याचं सिंधू मला वर्षभर सांगत होती. पण ते नंतर आठवलं. त्या क्षणी मला फक्त माझ्या मुलीच्या बसची वेळ दिसत होती, एका परक्या माणसाच्या अक्षरात.  मी खुर्चीवरून उठलो आणि आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो एवढ्या मोठ्यानं ओरडलो, "माझ्या पोरीची वेळ तुला कशाला पाहिजे? बोल!"

तो ताडकन उभा राहिला. 'माझ्या पोरीची' म्हटल्यावर त्याला कळलं, की समोर बसलाय तो खुद्द पऱ्हाड. आपण ओळखले गेलो, आता लपवण्यात अर्थ नाही, असं त्याला वाटलं, हे त्यानं मला मागाहून सांगितलं. त्यानं हात जोडले.

"चुकलं माझं. पर म्या वाईट हेतूनं आलो न्हाई."

"मग खरं बोल," शेवंताबाई पुढे झाल्या. "घरी कोण कोण हाय?"

"मालकीण हाय. एक पोरगा."

"तो बी ह्येच करतो?"

"न्हाई न्हाई. त्यो कंपनीत हाय."

"पर्मनंट?"

हा प्रश्न आमच्या भागात आपोआप निघतो. साक्षात चोराचा मुलगा असला तरी तो पर्मनंट आहे की कॉन्ट्रॅक्टवर, हे कळल्याशिवाय आमच्या बायकांना पुढे सुचत नाही. पण त्या एका शब्दानं म्हातारा खचला. खुर्चीत बसला, धोतराच्या सोग्यानं कपाळ पुसलं.

"न्हाई," तो म्हणाला. "कॉन्ट्रॅक्टवर हाय. तीन वर्सं झाली, सात-आठ म्हैन्यांनी ब्रेक देत्यात आन् परत घेत्यात. पोरगं गुणाचं हाय, कामाला वाघ हाय. पर पर्मनंट न्हाई. मधल्या माणसानं तुमाला पर्मनंट सांगितलंय. म्या त्याला म्हणलं व्हतं, खोटं सांगू नगं. मला चार रात्री झोप न्हाई."

"मधला माणूस!" गोकुळआप्पा कुजबुजले. "म्हंजी टोळी हाय."

"मधला माणूस कोण?" मी दरडावलं. "नाव सांग!"

"तुमचंच पाव्हणं की. दौंडचं बाळासो."

माझ्या डोक्यात काहीतरी हललं, पण जागेवर बसेना. बाळासो चोरांच्या टोळीत! मग त्यानं आमच्या नीलमचं... आणि एवढ्यात मंदिराच्या पायऱ्यांवर धावत येणाऱ्या चपला वाजल्या. सिंधू होती. केसांना, भुवयांना, पदराला सगळीकडे पीठ. समोरच्या गिरणीतून दळण टाकून तशीच पळत आली होती.

"अहो," ती धापा टाकत म्हणाली, "आधी तो माईक बंद करा!"

माईक टेबलावर चालूच होता. 'नाव?' पासून 'दौंडचं बाळासो' पर्यंत सगळं, कागदावरच्या ढिल्या कडीसकट, अख्ख्या कॉलनीनं आणि समोरच्या गिरणीनं ऐकलं होतं. नाइट शिफ्टवाले पहिल्यांदाच जागे होऊन खिडकीत आले होते.

सिंधूनं माईक स्वतःच बंद केला. मग पदर डोक्यावर घेतला आणि म्हाताऱ्यापुढे वाकून नमस्कार केला. "हौसरावमामा ना तुम्ही? पाटसचे?"

"व्हय," हौसराव शितोळे म्हणाले. 

एकेक करून सातही जणींनी पदर डोक्यावर घेतले. गोकुळआप्पांना एकाएकी गेटची आठवण झाली. मी उभाच होतो. माणसानं अशा वेळी काय करायचं असतं, हे एसटीच्या कुठल्याही परिपत्रकात नाही. शेवटी शेवंताबाईच बोलल्या, "अगं, त्यो चहा वता. दुसरा टाका. निस्त्या दुधाचा."

मी हौसरावांची माफी मागितली. त्यांनी माझी मागितली. मग दोघं शेजारी शेजारी बसलो आणि कुणाकडेच न बघता चहा प्यालो. भिंतीवरून काय बघत होते, हे विचारायचा मला धीर नव्हता. त्यांनी आपणहून सांगितलं, "मोरी बघत व्हतो. घर सोच्छ ठेवत्यात का न्हाई ते. मालकिणीनं सांगितलं व्हतं."

"मग?" सिंधूनं आतुरतेनं विचारलं. तिला त्या परिस्थितीतही तेच महत्त्वाचं वाटलं.

"लखलखीत हाय, बाई."

इतकं सावरत आणलं आणि पोलिसांची जीप आली. एकशेबारावर कॉल गेला होता. हवालदार तोच. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "समजलं, साहेब. पर कॉल आलाय म्हंजी मला त्यो बंद करावा लागतोय. निस्तं जाता येत न्हाई." त्यानं कागद काढला आणि हौसरावांचं नाव, वय, गाव लिहून घेतलं. येण्याचं कारण काय लिहू म्हणाला, तेव्हा हौसराव म्हणाले, "सीताफळं द्यायला." ते त्यानं लिहिलं. मग पेन थांबलं. "घरमालकाशी नातं?"

 मी हौसरावांकडे पाहिलं, हौसराव जमिनीकडे. सिंधू दोन्ही हातांनी पदराचं पीठ झटकत राहिली. नातं होतं असं म्हणावं तर झालेलं नव्हतं, आणि नव्हतं असं म्हणावं तर तुटलं असं कागदावर लागलं असतं.

तेवढ्यात साडेतीनची बस आली. नीलम उतरली. मंदिरापाशी जीप, गर्दी, आणि मध्ये बाप बसलेला. ती बिचारी पळतच आली. दहा तोंडांनी तिला एकदम सगळं सांगितलं. पाठीवरची सॅकही न उतरवता ती ऐकत होती. माझ्याकडे एकदा पाहिलं, त्या नजरेबद्दल मी इथे काही सांगणार नाही. मग ती हौसरावांसमोर पायरीवर बसली.

"काका, मुलगा कॉन्ट्रॅक्टवर आहे हे तुम्ही स्वतःहून सांगितलं?"

"भ्या वाटलं म्हणून सांगितलं, बाळ," हौसराव म्हणाले. "आधीच सांगाय पायजे व्हतं. आमचा इंद्रजीत तर म्हणतच व्हता, मीच फोन करून सांगतो. म्याच त्याला अडवलं. म्हणलं, आरं, हे ऐकून कोण पोरगी द्यील?"

नीलमनं सॅक उतरवून मांडीवर घेतली. तिच्या कंपनीत अर्धी माणसं कॉन्ट्रॅक्टवर आहेत. त्यांचा ब्रेक जवळ आला की त्यांचे चेहरे कसे होतात, हे ती घरी येऊन आम्हाला सांगत असते.

"ताई, नातं काय लिहू?" हवालदारानं घड्याळ पाहिलं.

"पाहुणे लिहा," नीलम म्हणाली. "पुढचं मुलगा बघून कळवते."

हवालदारानं लिहिलं. शेवंताबाईंनी तोंडाला पदर लावला. हौसरावांनी पिशवीतून टोपी काढून, झटकून परत घातली, आणि मला वाटतं तेवढ्यात डोळेही पुसले.

पुढच्या रविवारी हौसराव एसटीनं आले आणि त्यांच्या मागोमाग इंद्रजीत आला. उन्हानं रापलेला, शांत, हाताला मशीनचा काळा डाग न निघालेला. बसल्या बसल्या, पोहे यायच्या आत त्यानं सांगून टाकलं, "मी कॉन्ट्रॅक्टवर आहे. पुढचा ब्रेक फेब्रुवारीत. त्या दोन महिन्यांत वडिलांबरोबर ऊस बघतो." मग नीलमनं त्याला गच्चीवर नेलं. खाली गस्तीला रविवारची सुट्टी असूनही सगळं दल हजर होतं. दोन फेऱ्या एकाच वेळी आमच्या घरावरूनच जात होत्या. मी रागावून पाहिलं, पण कुणी जागचं हललं नाही.

चाळीस मिनिटांनी दोघं खाली आले. सिंधूनं नीलमला आत ओढलं आणि विचारलं. आतून नीलमचा आवाज आला, "आई, हळू. हो म्हणाले मी." गल्लीतून कुणीतरी शिट्टी वाजवली. गोकुळआप्पा होते.

चोरांचं म्हणाल, तर महिन्याभरानं दोन जण दुसऱ्याच तालुक्यात सापडले. आमच्या कॉलनीतल्या दोन्ही चोऱ्या त्यांनी कबूल केल्या. त्यात आमच्या गस्तीचा काही हात नव्हता, आणि कुणी तसं म्हणावं म्हणून मी वाटही बघितली नाही. फार नाही बघितली.

त्या रविवारी संध्याकाळी इंद्रजीत मोटरसायकलवरून पुढे गेला आणि हौसरावांना चौफुल्याच्या गाडीत बसवून द्यायला मी स्टँडवर गेलो. गाडीला वेळ होता. दोघं बाकड्यावर बसलो.  मग ते म्हणाले, "त्या दिशी तुमी वरडला ना पोरीच्या नावानं, तवा मला लई भ्या वाटलं. पर गाडीत बसल्यावर वाटलं, आपल्या घरात यायची पोर कुणाची तरी एवढी लाडकी हाय."

 गाडी लागली. मी पुढे घुसून खिडकीची सीट धरली, त्यांना बसवलं, पिशवी मांडीवर दिली. खाली उतरलो तर कंडक्टर भेटला. माझ्याच हाताखाली नोकरीला लागलेला पोरगा. "साहेब, कोण ओ हे?" त्यानं विचारलं.

"व्याही आहेत आमचे," मी म्हणालो. माईक नव्हता, पण मला वाटतं सगळ्या स्टँडनं वळून पाहिलं. हौसरावांनीही पाहिलं. "नीट उतरव त्यांना चौफुल्याला. पाटसची गाडी दाखवून दे."

गाडी हलली. हौसरावांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "पोचल्याव फोन करतो, व्याही!" ते ओरडले, आणि मी गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.